भांडणारा गट आणि गप्प गट

(महासंघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. पेरणीच्या घाईत ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मागे बसलेल्या मावश्यांना ऐकू येतंय का? नसेल तर हात करा. बसल्या जागेवरून ओरडलात तरी चालेल, कारण आज मी ओरडण्याबद्दलच बोलणार आहे.

मला सांगितलं होतं की गटातल्या वादांवर दहा मिनिटं बोल. आपल्याकडे या विषयावर बोलायचं म्हटलं की ठरलेलं भाषण असतं. "बायांनो, भांडू नका, एकीनं राहा." टाळ्या होतात, चहा येतो आणि चहाच्या रांगेतच कुणाचं तरी वाजतं. मी ते भाषण करणार नाही, कारण तीन वर्षांत माझ्या हातून जे नुकसान झालं ते या "भांडू नका" मुळेच झालं. ते आधी सांगते.

मी नवीन होते. माझं गाव सातारा जिल्ह्यातलं. समाजकार्याची पदवी घेतली आणि थेट इकडे यवतमाळ जिल्ह्यात आले. एका गटाची बैठक होती, अकराजणींचा गट. गावाचं नाव सांगत नाही, त्या गटातल्या पाच-सहाजणी इथेच बसल्यात आणि आत्ताच हसायला लागल्यात. जूनचा पहिला आठवडा. बँकेचा कर्ज प्रस्ताव भरायचा होता. कुणाला किती, याची यादी वाचली आणि एक ताई उठल्या.

"काहून वं, माह्यं नाव खाली काहून गेलं?"

दुसऱ्या म्हणाल्या, "तुह्या घरी मागल्या वर्षी पैसा गेला, त्याचं काय झालं थे सांग अगुदर."

मग पहिल्या ताईंनी दुसरीच्या नवऱ्याच्या दारूचा हिशेब काढला. दुसरीनं पहिलीच्या भावाचा काढला. आवाज असा चढला की शाळेतली पोरं खिडकीत आली. एक आजी मधे पडल्या, तर दोघी मिळून आजीवरच घसरल्या. माझे हातपाय थंड पडले. मी रजिस्टर मिटलं, "बैठक तहकूब" म्हटलं आणि निघाले. त्या रात्री अहवालात लिहिलं, "गटात तीव्र अंतर्गत वाद. प्रस्ताव तूर्त थांबवावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात दुसऱ्या गटाकडे चालले होते. बघते तर काय, धुऱ्यावरून त्या दोघीच येत होत्या. पहिल्या ताईंच्या कडेवर दुसरीचं लेकरू, दुसरीच्या डोक्यावर दोघींच्या भाकरी. कपाशीच्या टोबणीला चालल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, काल तर तुम्ही..." त्या हसायला लागल्या. "अवं पोरी, थे कालचं होतं. तू काहून एवढी भेली?"

मी भ्यायले होते हे खरंच. का भ्यायले, ते मला बरंच नंतर कळलं. पण तोवर अहवाल गेला होता. तो मागे घ्यायचा, नवीन टिपण लिहायचं, सही घ्यायची, पुन्हा प्रस्ताव ठेवायचा, यात तीन आठवडे गेले. पाऊस काही माझ्या टिपणासाठी थांबला नाही. त्या गटातल्या एका ताईंनी बियाणं आणि खतासाठी खाजगीतून 20,000 रुपये उचलले, शेकडा 5 रुपये महिन्यानं. गटातून घेतले असते तर शेकडा 1 रुपया पडला असता. हिशेब तुम्हीच करा. महिन्याला 1,000 कुठे आणि 200 कुठे. कापूस घरात येईपर्यंत सहा महिने धरले तर 4,800 रुपयांचा फरक. भांडण दोघींचं, भुर्दंड तिसरीला, आणि तो बसवणारी मी. त्या ताईंनी मला कधी बोलून दाखवलं नाही. मीच एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "जाऊ दे माय, तुले काय माहीत होतं."

तर मला काय माहीत नव्हतं, ते सांगते.

आमच्या घरात कुणी ओरडत नाही. तीस माणसांचं खटलं नाही आमचं, आठजणांचंच आहे, पण आजी, आई आणि काकू अशा तीन बाया एका चुलीवर. मी लहानपणापासून बघितलं ते असं. आई रागावली की भांडी जरा जोरात ठेवायची. काकू रागावली की जेवायला बसायची नाही, "भूक नाही" म्हणायची. आणि आजी रागावली की बोलणंच बंद. एकदा आई आणि काकू सव्वा महिना एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. एकाच ओट्यावर उभ्या राहून स्वयंपाक करायच्या आणि निरोप माझ्याकडून जायचे. "काकूला सांग, मीठ घातलंय." काकू तिथेच, दोन हातांवर! पाहुणे म्हणायचे, "यांच्या घरात काय गुण्यागोविंदानं राहतात हो."

त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की ओरडणं ही शेवटची पायरी. माणूस ओरडला म्हणजे नातं तुटलं. त्या बैठकीत मी जे ऐकलं ते माझ्या घरच्या कानांनी ऐकलं. ज्यांच्या घरात भांडण पावसासारखं येतं आणि ओसरतं, त्यांना तसं वाटणारच नाही. आता कृपा करून असं समजू नका की सातारच्या बाया अबोल आणि वऱ्हाडच्या तोंडाळ. आमच्या शेजारचंच घर असं होतं की सकाळी दळणावरून सुरू व्हायचं ते गल्लीला ऐकू जायचं, आणि दुपारी दोघी जावा एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढत बसायच्या. आणि इथेही अबोल घरं आहेत, मी त्यांच्याकडे येतेच आहे. जिल्ह्यावरून माणूस ओळखता येत नाही. माणूस भांडायला कुठे शिकला, घरात, वस्तीत, तांड्यात, माहेरी की सासरी, ते पाहावं लागतं.

आपल्या भाषेतच बघा ना, या एका गोष्टीसाठी किती शब्द. वाद, तंटा, कज्जा, बोलाचाली, हमरीतुमरी, कुरबुर, धुसफूस, रुसवा, अबोला. हे सगळे वेगळे आहेत. रुसवा काढायला कुणीतरी यावं लागतं. हमरीतुमरी दोघींची दोघींत मिटते. धुसफूस मिटत नाही, आतल्या आत धुमसते. आणि आमच्या अहवालाच्या कागदावर या सगळ्यांना एकच रकाना असतो, "गटात वाद आहे का? होय / नाही."

त्या "नाही" ची दुसरी गोष्ट आता ऐका.

माझा एक गट होता, सगळ्यात आवडता. दहाजणी. बैठक वेळेवर, बचत वेळेवर, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे, पंचसूत्रीत कुठे बोट ठेवायला जागा नाही. दोन वर्षांत आवाज म्हणून चढला नाही. मी इतर गटांना सांगायचे, "त्यांच्याकडे बघा जरा." बाहेरून पाहुणे आले की मी त्यांना तिथेच न्यायचे.

मग एक दिवस धाकट्या वयाच्या एका सदस्येनं नाव कमी करायला सांगितलं. कारण विचारलं तर "वेळ मिळत नाही." खरं कारण मला तिनं सांगितलं नाही, कर्जाच्या खतावणीनं सांगितलं. ऑडिटसाठी मी खतावणी उलटत होते. दोन वर्षांत गटानं एकूण 17 वेळा कर्ज दिलं होतं आणि ती सतराच्या सतरा कर्जं सहाजणींनी घेतली होती. चारजणींच्या नावावर एकही नाही. त्या चौघी कोण? अध्यक्षबाईंची धाकटी सून, भावकीतल्या दोन नव्या सुना आणि एक विधवा मावशी. आठवड्याला 50 रुपये बचत, दोन वर्षांचे 104 आठवडे, म्हणजे एकेकीचे 5,200 आणि चौघींचे 20,800 रुपये. ते पैसे फिरत होते, फक्त त्यांच्या दारापर्यंत येत नव्हते.

नाव कमी करायला सांगणारी होती ती धाकटी सून. गटात सासू अध्यक्ष, मोठी जाऊ सचिव. तिला शिलाई मशीन घ्यायची होती, 9,000 रुपये हवे होते. दोन वर्षांत एकदाही तिनं मागितले नाहीत. मी म्हटलं, "अगं, बैठकीत बोलायचं ना! गट सगळ्यांचा आहे." ती माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मी खुळी आहे. म्हणाली, "ताई, घरी ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही, त्यांच्यासमोर बैठकीत तोंड कसं उघडू? बैठक संपली की मले त्याच घरी जायाचं आहे."

मी पुस्तकात शिकले होते की गटात सगळ्या समान असतात. सतरंजीवर त्या समान असतीलही. पण सतरंजीवर येताना कुणी आपलं घर बाहेर चपलांजवळ काढून ठेवत नाही.

अशा बाईच्या मनात वाद नसतो का? असतो की. ती तो वेगळ्या वाटेनं काढते. आपल्या आज्या जात्यावर बसून काय काय बोलायच्या! सासूचं, नणंदेचं, नवऱ्याचं सगळं ओवीत. समोर बोलता येत नाही, मग जात्याला सांगायचं. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. एक लाख! म्हणजे समोर बोलता न आलेलं किती साठलं असेल. आता जातं गेलं, गिरणी आली. भोंडल्याच्या गाण्यात सासरच्या तक्रारी असतात त्याही बहुतेक आता मोबाईलवरच वाजतात. आणि बोलायची आणखी एक जुनी रीत आहे, लेकी बोले सुने लागे. सून डोळ्यांसमोर असते पण बोलायचं लेकीला. त्यात बोलणारीचाही मान राहतो आणि ऐकणारीचाही. मी आधी याला कपट म्हणायचे, "सरळ तोंडावर का बोलत नाहीत?" आता म्हणत नाही. ज्यांना एकाच छपराखाली चाळीस वर्षं काढायची आहेत त्यांनी शोधलेली वाट आहे ती. पण या वाटेनं 9,000 रुपये मागता येत नाहीत. टोमण्याची नोंद खतावणीत होत नाही.

मग मी काय केलं? पुन्हा चूकच केली. पुढच्या बैठकीत मी मोठ्या उत्साहानं, सगळ्यांसमोर त्या सुनेला विचारलं, "तुला मशीनसाठी कर्ज पाहिजे ना? बोल, बोल." ती पांढरी पडली. "नाही नाही, मले नको." आणि सासूबाईंना वाटलं की हिनं आपल्या पाठीमागे मॅडमकडे गाऱ्हाणं केलं. आठ दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. मी तिला बोलकी करायला गेले आणि तिच्या वाट्याला अबोला आणून दिला.

वाट दाखवली ती आमच्या गावातल्या सीआरपी ताईंनी. सातवी शिकलेल्या आहेत आणि माझ्या पदवीपेक्षा त्यांचं शिक्षण जास्त आहे. त्या म्हणाल्या, "बोलता येत नाही तिला बोल म्हणू नका. चिठ्ठी घ्या. सगळ्यांकडून घ्या, ज्यांना नको त्यांच्याकडूनही." तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या बैठकीत दहाही जणी चिठ्ठी देतात. कर्ज हवं तर किती आणि कशासाठी, नको तर "नको". ज्यांना लिहिता येत नाही त्यांची सीआरपी ताई आधी घरोघर जाऊन लिहून आणते. आणि चिठ्ठ्या वाचून कोण दाखवतं? अध्यक्षबाईच. त्यामुळे सुनेनं सासूला उलटून मागितलं असं होत नाही, अध्यक्षबाई गटाची मागणी वाचतात.

पहिल्यांदा सुनेची चिठ्ठी वाचली तेव्हा सासूबाई थांबल्या. पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "हिले मशीन पाह्यजे होती? मले काय माहीत? कधी बोललीच नाही." आणि जरा वेळानं, रजिस्टरकडे बघत, "मीही कधी बोलली नाही माह्या सासूपुढे." त्या वाईट नव्हत्या हो. ज्या घरात न बोलणं हाच मान असतो, तिथे न मागणारीला काही नकोच आहे असं समजण्याची सवय लागते. विधवा मावशींनी मात्र अजून एकदाच चिठ्ठीत रक्कम लिहिली आहे, 2,000 रुपये, आणि तीही पुढच्या महिन्यात "राहू द्या" म्हणून मागे घेतली. तिथे माझं काम बाकी आहे.

आता तिसरी गोष्ट. ही सांगताना मला जरा धाकधूक आहे, कारण हे प्रकरण अजून पुरतं निवलेलं नाही. दोन्ही बाजूच्या ताई इथे आहेत. मी कुणाची बाजू घेत नाही, आणि चुकलं तर इथेच टोका.

एका ग्रामसंघात गावातले गट आहेत आणि तांड्यातले गट आहेत. मिरची-हळद कांडप यंत्र आलं. ते कुठे बसवायचं? बैठकीच्या आधी गावातल्या चार-पाच ताई देवळात बसल्या, आपसात बोलल्या, ठरवलं की गावात बसवू, आणि बैठकीत ठराव मांडला. त्यांच्या मनात लबाडी नव्हती. गावात रीतच तशी आहे, आधी घरी, पारावर, चहावर बोलून घ्यायचं आणि बैठकीत फक्त सही करायची. सगळ्यांसमोर मतभेद दिसले म्हणजे इज्जत गेली.

तांड्यातल्या एक ताई उठल्या आणि भर बैठकीत म्हणाल्या, "हे आधीच ठरलं आहे. आम्हाला नुसतं अंगठ्याला बोलावलं." नावं घेऊन बोलल्या. गावातल्या ताईंना ते फार लागलं. "आमच्या घरी यायचं होतं, कानात सांगायचं होतं. चार लोकांत कशाला अपमान केला?"

मी दुसऱ्या दिवशी तांड्यात गेले. त्या ताई ज्वारी पाखडत होत्या. मी हेच विचारलं, आधी एकटं बोलायला काय झालं होतं? त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "सगळ्यांसमोर नाही बोलायचं तर कुठे बोलायचं? मागून बोललं तर ती चुगली."

मला हे ऐकून झटकाच बसला. म्हणजे दोघीही चांगुलपणानंच वागत होत्या! एकीला वाटतं, चारचौघांत बोलणं म्हणजे अपमान. दुसरीला वाटतं, चारचौघांआड बोलणं म्हणजे पाप. तांड्यात नायक आणि कारभारी असतात, तंटा झाला तर लोक बसतात, दोन्ही बाजू सगळ्यांदेखत मांडल्या जातात. पूर्वी बंजारा लोक बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे, त्याला लदेणी म्हणतात. चालत्या तांड्यात मनात राग ठेवून पुढच्या मुक्कामाला जाता येत नसेल, जे असेल ते आज सगळ्यांसमोर मिटवून सकाळी बैल हाकायचे. हा माझा अंदाज आहे, इथल्या तांड्यातल्या आज्यांना जास्त माहीत. गाव मात्र एका जागी असतं. शेजार पिढ्यान्‌पिढ्या तोच. तिथे तोंडावर बोलणं महाग पडतं.

आणि हेही सांगते, तांड्याच्या त्या बैठकीत पूर्वीपासून बोलणारे पुरुषच. हे मी नाही, त्याच ताई म्हणाल्या, "आमच्याकडेही बायांना कुठे बसू देत होते? गटात आल्यावर पहिल्यांदा बोलले." म्हणजे ज्या सभेत बोलायचा हक्क मिळायला इतकी वर्षं लागली, तिथे त्यांना "कानात सांगा" म्हटल्यावर कसं वाटलं असेल?

भाषेचाही घोळ होता. तांड्यातल्या ताई मधेच आपसात गोरमाटीत बोलायच्या आणि गावातल्यांना वाटायचं आपल्यालाच नावं ठेवतायत. एकदा मी विचारलं काय बोलताय, तर त्या एकमेकींना ठरावाचा अर्थ समजावून सांगत होत्या.

शेवटी ठराव रद्द करून पुन्हा चर्चा झाली. यंत्र शाळेजवळ रस्त्यावर बसलं, दोन्हीकडून सारखंच अंतर. पण त्या दोघी अजून एकमेकींकडे बघत नाहीत. आज एक या टोकाला बसली आहे आणि एक त्या.

आता एक कडू गोष्ट बोलते, रागावू नका. आपण कुणाला "भांडखोर" म्हणतो याचा मी जरा हिशेब ठेवला. मोठ्या घरची बाई आवाज चढवून बोलली की आपण म्हणतो, "ताई कडक आहेत, शिस्तीच्या आहेत." तेच बौद्ध वस्तीतली ताई बोलली की म्हणतो, "हिला भांडायचंच असतं." आवाज तोच असतो, फक्त घर बदललं. त्या ताईंच्या बोलण्यातलं "ठराव वाचा, तारीख दाखवा, सही कुणाची" हे आपल्याला खुपतं. पण हे त्या कुठे शिकल्या? सभेत. 1942 च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची परिषद झाली, बाबासाहेब स्वतः होते, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि पंचवीस हजारांच्या आसपास बाया जमल्या होत्या. आपल्या विदर्भातली गोष्ट आहे ही. ज्यांच्या आज्या सभेला जात होत्या त्यांच्या नाती सभेत उठून प्रश्न विचारणारच. आपल्या ग्रामसंघाचा 11,500 रुपयांचा चुकलेला हिशेब अशाच एका "भांडखोर" ताईंनी पकडला. त्यांचे आभार मानायचे अजून राहिलेत, म्हणून आज मानते.

काही जणी मला विचारतात, म्हणजे ज्याची जशी रीत तसं चालू द्यायचं का? नाही. नवरा मारतो आणि वर म्हणतात, "आमच्यात असंच असतं." ती रीत नाही, गुन्हा आहे. 2005 पासून कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे, आणि ग्रामसंघाची सामाजिक कृती समिती नुसती फलकावर नाव लिहायला नाही. आणि अबोल्याचं एक रूप फार वाईट असतं, सगळ्यांनी मिळून एकीशी बोलणं सोडायचं, तिला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. वाळीत टाकायचं. मागच्या वर्षी एका गटात एकीच्या बाबतीत याची सुरुवात होत होती. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं 2016 ला कायदा केला आहे. कायद्याचा कागद दाखवायची वेळ आली नाही, अध्यक्षबाई स्वतः तिच्या घरी चहा प्यायला गेल्या आणि येताना तिला बैठकीला घेऊन आल्या. पण वेळ आली असती तर मी दाखवला असता.

गावात शिरताना "तंटामुक्त गाव" अशी पाटी बघतो आपण. 15 ऑगस्ट 2007 ला ती मोहीम सुरू झाली. तंटे गावातच बसून मिटवायचे, कोर्टकचेरीत पैसा घालवायचा नाही, असं ते काम. म्हणजे तंटा आहे हे आधी मान्य करायचं, मग मिटवायचं. आपण गटांच्या बाबतीत अर्धंच घेतलं, तंटा दिसलाच नाही पाहिजे. आणि ही सवय लावण्यात आम्ही कर्मचारीही होतो. भांडणारा गट दिसला की आम्ही त्याला खालची श्रेणी द्यायचो.

आता मी नव्या गटात गेले की पहिल्या-दुसऱ्या बैठकीत एक खेळ घेते. प्रत्येकीनं सांगायचं, मला राग आला की मी काय करते. बाया इतक्या हसतात! एक म्हणाली, मी घर सारवायला काढते. एक म्हणाली, मी माहेरी फोन लावून नवऱ्याला ऐकू जाईल असं बोलते. एक आजी म्हणाल्या, मी कोंबड्यांना शिव्या देते, ज्याला समजायचं त्याला समजतं. एकजण म्हणाली, मला आठ दिवसांनी राग येतो, तेव्हा लगेच विचारू नका. खेळच आहे, पण पुढे उपयोग होतो. कोंबड्यांना शिव्या सुरू झाल्या की शेजारची सदस्य मला फोन करते, "ताई, आजींकडे जाऊन या."

आणि पहिल्या गोष्टीतल्या त्या गटात मी आता असं करते की भांडण सुरू झालं की रजिस्टर मिटत नाही. उघडंच ठेवते. पंधरा मिनिटं थांबते, कधी वीस. सगळं बोलून झालं की विचारते, "मग कुणाला किती लिहू?" तोपर्यंत त्यांचंच ठरलेलं असतं. यंदा त्यांचा प्रस्ताव मे महिन्यातच गेला.

दहा मिनिटांची पंचवीस झाली वाटतं, अध्यक्षताई घड्याळ दाखवतायत. तिसऱ्या रांगेतल्या मावशी मघापासून हात वर करून आहेत आणि मी त्यांच्याकडे बघूनही बोलतेच आहे. तांड्याबद्दल मी काहीतरी चुकीचं बोलले असणार. मावशी, बसून नको, उभ्या राहा. कुणीतरी माईक द्या त्यांना.